सात उजळ मोती

भीती कशी असते ते मला अठराव्या वर्षी कळलं, पोलादपूरहून महाडला जाणाऱ्या एस.टी.त, खिडकीजवळच्या बाकावर. गळ्यात देवीचा मोत्यांचा हार, हारावर लुगड्याचा पदर, पदरावर घट्ट धरलेला माझा हात. शेजारी सासूबाई, पुढच्या बाकांवर सासरे आणि गावचे तीन पंच. महाडच्या धर्मशाळेत दुपारी त्या हाराचा लिलाव होणार होता. आणि तो हार मी दोन दिवसांपूर्वी नासवून ठेवला होता. गाडीत हे फक्त मला आणि सासूबाईंना माहीत होतं. गाडी खड्ड्यात आदळली की मी देवीचं नाव घ्यायचे आणि लगेच मनात यायचं, अगं, जिचा हार नासवलास तिलाच हाका मारतेस, तुला काही लाज?

माझं माहेर महाडचंच. वडिलांचं बाजारपेठेत तांब्यापितळेच्या भांड्यांचं लहानसं दुकान होतं. मी सातवी पास झालेली, फायनल म्हणायचे तेव्हा, आणि तेवढ्या शिदोरीवर स्वतःला फार शहाणी समजायचे. लग्न होऊन कापड्याच्या पलीकडे डोंगरातल्या गावात आले. नवरा मुंबईला गिरणीत, शिमग्याला आणि गणपतीत यायचा. बाकीचं वर्ष मी, सासू, सासरे, चार गुरं आणि भाताची खाचरं. सासू घरात कमी बोलणारी. सासरे त्याहून कमी. माझ्यासारख्या बडबडीला तिथे भिंतींशीच बोलायची सवय लागली.

पण त्या घराला एक मान होता. गावदेवीचा हार सांभाळायचा मान. लोखंडी पेटीत, तांदळाच्या डब्यात तो पुरलेला असे. दोन पेडांचा हार. मोती काही फार मोठे नव्हते, कुठला मुगाहून जरा मोठा, कुठला वाटाण्याएवढा, सगळे थोडेथोडे वेडेवाकडे. मध्ये मुलामा दिलेलं पदक. शिमग्याला पालखी निघताना आणि नवरात्रात तो देवीच्या गळ्यात जायचा आणि काम झालं की पुन्हा तांदळात.

हा हार देवीकडे आला कुठून, याची प्रत्येकाची गोष्ट वेगळी. सासरे सांगत, गडावर राजधानी होती त्या काळात एका सरदाराच्या बायकोची पालखी इथून घाटाकडे चालली होती, मेणा ओढ्यात अडकला, देवीनं वाट दिली, म्हणून बाईनं गळ्यातला हार काढून वाहिला. गुरव सांगे, सरदारबिरदार कुणी नाही, कोकणपट्टीवरच्या एका गलबतवाल्यानं नवस फेडला. आणि उमरठकडची एक म्हातारी चुलत सासू होती, ती म्हणे, चोरानं आणून टाकला, पचला नाही म्हणून. तिन्ही गोष्टी मी खऱ्या मानल्या होत्या. कंटाळा आला की एकेक आलटून पालटून आठवायचे.

ओढ्याचं तेवढं खरं होतं. गाव आणि कापड्याची शाळा यांच्यामध्ये तो ओढा. पावसाळ्यात मुलं गळ्याएवढ्या पाण्यातून एकमेकांचे हात धरून जायची. आदल्या श्रावणात हात सुटला आणि आमच्या वाडीतली नऊ वर्षांची एक मुलगी वाहून गेली. ती तीन दिवसांनी खाली सापडली. तिच्या बापानं, तो गावचा पंच होता, तेव्हापासून एकच धोशा लावला: साकव बांधायचा. साकव म्हणजे ओढ्यावरचा लहान पूल, पण त्याच्या दगडाचुन्याला, लोखंडाला लागणारा पैसा आमच्या गावात कुणाच्या कणगीत नव्हता. मग कुणीतरी हाराचं नाव काढलं.  शेवटी देवीलाच विचारायचं ठरलं.

आमच्याकडे कौल लावतात. गुरवानं देवीच्या दोन्ही खांद्यांना ओल्या तांदळाचे दाणे चिकटवले. उजव्या अंगाचा दाणा आधी पडला तर होकार, डावीकडचा पडला तर नकार. सगळा गाव श्वास रोखून उभा. उजवा दाणा पडला. मुलीचा बाप मट्कन खाली बसला आणि रडायला लागला. माझ्या शेजारी उभ्या असलेल्या सासूबाईंचा चेहरा मात्र पांढराफटक पडला होता. मला वाटलं, घराचा मान जातोय म्हणून. साहजिकच आहे, म्हटलं.

लिलाव गुरुवारी ठरला. मंगळवारी सकाळी सासूबाईंनी पेटी उघडली, हार काढला आणि माझ्या हातात दिला.

"यंदा तू साफ कर गो. माझा मनगट दुखतो."

मी चाटच पडले. लग्नाला दीड वर्ष झालं होतं, पण हाराला मी कधी बोट लावलं नव्हतं. दर खेपेला सासूबाई माजघराचं दार लोटून घेऊन एकट्याच तो तांदळाच्या पिठात घोळून पुसायच्या. आता तो माझ्याकडे आला होता. मी फुगले. मनात म्हटलं, दाखवतेच आता यांना, महाडची मुलगी कशी लखलखीत करते ते.

भांडी घासण्यात माझा हात धरणारं आमच्या पेठेत कुणी नव्हतं. वडिलांच्या दुकानातले काळे पडलेले हंडे मी कोकमाच्या पाण्यात बुडवून असे काढायचे की गिऱ्हाईक त्यात मिशी बघून घ्यायचं. हारातलं पदक काळवंडलं होतं. मी ओसरीवर मोठं घंगाळ घेतलं, कोकमाच्या साली गरम पाण्यात कुस्करल्या, आणि त्यात देवाची तांब्याची ताम्हणं, समया, देवीचा मुखवटा हे सगळं सोडलं. वरून हारही सोडला. सासूबाई उंबऱ्यावर बसून तांदूळ निवडत होत्या. त्यांनी वर बघितलं आणि पुन्हा तांदळात डोकं घातलं. मी गुरांना पाणी दाखवायला गेले. घंगाळाकडे परत यायला मला दुपार झाली.

ताम्हणं सोन्यासारखी निघाली. मुखवटा झगझगीत. मग मी हार उचलला. मोती भिजवलेल्या साबुदाण्यासारखे दिसत होते. पाणी गेलेलं, रया गेलेली, कडेला खडूसारखे. ओवलेला दोरा गुलाबी झाला होता. मी तो लुगड्याला पुसला, खोबरेल लावलं, तांदळाच्या पिठात घोळला, तोंडानं फुंकरा मारल्या. तेल असेपर्यंत जरा चमक यायची, तेल पुसलं की पुन्हा तेच.

आमच्याच गावात वरच्या वाडीत एका सुनेनं देवापुढचा नारळ न विचारता फोडला होता, तर तिला गाठोडं देऊन माहेरी पाठवली होती. एका नारळापायी! मी तर अख्खा हार बुडवला होता. आणि नुसता हार नाही, साकवही. त्या वाहून गेलेल्या मुलीचा बाप रोज संध्याकाळी ओढ्याच्या काठी जाऊन पावलांनी अंतर मोजत असे, कुठे खांब येणार, कुठे पायरी. आता तो दिसला की मी दाराआड व्हायचे.

एकच आधार होता. सगळे मोती मेलेले नव्हते. सात मोती होते तसेच राहिले होते, छान गोल, गुळगुळीत, उजळ. वरच्या पेडात चार आणि खालच्या पेडात तीन. मी त्यांना देवीची कृपा समजले. हार असा वळवला की ते सात पुढे यावेत, आणि त्यांना हात जोडले. आता सांगताना हसू येतं, तेव्हा मी त्या सात मोत्यांची अक्षरशः पूजा केली होती, हळदकुंकवासकट.

शेवटी संध्याकाळी मी सासूबाईंसमोर जाऊन उभी राहिले आणि हार पुढे केला.  त्यांनी हार घेतला, दाराच्या उजेडात नेला, एकेक मोती बोटानं चाचपला. सात मोत्यांपाशी बोट थांबलं. किती वेळ थांबलं, देव जाणे. 

"आत्याबाई, चुकलं माझं," मी कशीबशी म्हणाले.

"पदराखाली ठेव," त्या म्हणाल्या. "कोनाजवळ बोलू नको."

एवढंच. ना ओरडल्या, ना हात उगारला. मला त्या क्षणी त्या बाईबद्दल इतकं वाटलं, की मी वाकून पाया पडले. त्यांनी पाय मागे घेतले.

गुरुवारी निघताना आणखी एक गोष्ट पुढे आली. देवीचा दागिना शिवेबाहेर जायचा तर पेटीतून नाही, पुरुषाच्या हातातून नाही. त्या घरच्या सवाष्णीच्या गळ्यातून गेला पाहिजे, अशी रीत. सवाष्णी दोघी होत्या. सासऱ्यांनी सासूबाईंकडे बघितलं. सासूबाई म्हणाल्या, "पोरीच्या गळ्यात घाला. तिला शोभल." आणि सासऱ्यांनी मान हलवली. त्यांची नजर अधू, मोतीबिंदू झालेला, त्यांना काही दिसलं नाही. अशी मी त्या गाडीत बसले होते.

महाडला उतरलो तर स्टँडवर वडील उभे. मुलगी देवीचा हार घालून येतेय, म्हणून त्यांनी दुकान बंद ठेवलं होतं. धुतलेला सदरा, डोक्याला टोपी, हातात कागदात बांधलेली शेव आणि बुंदीचे लाडू. त्यांनी मला आपादमस्तक बघितलं आणि चेहरा असा फुलला की मला तिथेच जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. "पदर जरा सैल कर की, बघू दे," ते म्हणाले. मी म्हटलं, नंतर. ते आमच्या मागून धर्मशाळेपर्यंत आले आणि दाराशी बायामाणसांच्या बाजूला उभे राहिले. पुडा हातातच.

धर्मशाळेत सतरंजी अंथरली होती. महाडचे दोन सोनार, तीनचार बडे जमीनवाले, आणि मुंबईहून आलेला मोत्यांचा म्हातारा व्यापारी. कृश, डोळ्यांना चांदीच्या कड्यांचा चष्मा, मांडीवर काळ्या मखमलीचा तुकडा. त्यानं पारखायचं, मग बोली सुरू व्हायची.

"उतरवा, बाई," तो म्हणाला.

माझ्या बोटांना गोंड्याची गाठ सुटेना. मागून सासूबाईंनी सोडली. हार मखमलीवर गेला आणि काळ्यावर तो असा काही दिसला की सोनारांच्या तोंडून च्च् निघालं. गावाहून आलेले पंच उठून उभे राहिले. सासरे तर वाकून, डोळे बारीक करून बघायला लागले. "ह्या काय झाला?" ते म्हणाले. "ह्या काय झाला गो?"

 म्हाताऱ्यानं भिंग लावलं. एक मलूल मोती उचलून दातावर घासला, मान डोलावली. मग माझ्या सात उजळ मोत्यांतला एक घासला. पुन्हा घासला. दुसरा, तिसरा. मग खिशातून कात्री काढली आणि दोरा कापून ते सात बाजूला ठेवले. मला वाटलं, चांगले म्हणून बाजूला काढतोय. मी मनातल्या मनात देवीला नारळ बोलले.

"हे जे मेले, ते खरे," म्हातारा म्हणाला. "आंबट पाण्यानं खऱ्या मोत्याची वरची पापडी जाते. काचेला आंबट काय करणार? हे सात काच आहेत. आत मेण भरलंय. बाजारात कासाराकडे मिळतात. आणि इतका गोल मोती समुद्र रोज देत नाही, बाई."

 धर्मशाळेत एकच गलका उडाला. सासरे म्हणायला लागले, पिढ्यान्‌पिढ्या हार आमच्याकडे, असं होणार नाही. मग एका पंचानं विचारलं, हार धुतला कोणी? आणि सगळे माझ्याकडे वळले.

"मी," मी म्हणाले. "कोकमाच्या पाण्यात."

"कधी?"

"मंगळवारी."

"मंगळवारी हिच्या हातात हार दिला, आनि आज सात मोती खोटं," तो पंच म्हणाला. "हिचा बाप हितंच बाजारात दुकान घालून बसलाय. येवढा जमवाला किती वेळ लागतो?"

वाहून गेलेल्या मुलीचा बाप पुढे आला. त्याचे डोळे लाल झाले होते. "माझ्या पोरीचा साकव हाय तो," तो माझ्यावर ओरडला. "साकवातला दगड काढलास गो तू. कुठं ठेवलंस मोती? बापाकडं दिलंस?"

कुणीतरी म्हणालं, दुकानाची झडती घ्या. कुणी म्हणालं, फौजदाराला बोलवा. मी दाराकडे बघितलं. वडील जागचे हलले नव्हते. तोंड अर्धवट उघडं, पुडा छातीशी धरलेला. भर पेठेत, ओळखीच्या सोनारांसमोर त्यांना चोर म्हणत होते, आणि ते रागावलेसुद्धा नव्हते. ते माझ्याकडे बघत होते, मी काही बोलेन म्हणून. मला हे म्हणायचं होतं की नाही हो, मी नाही घेतले, पण कोकमाची चूक माझी असल्यामुळे बाकीचीही आपलीच असावी, असं काहीतरी मला वाटायला लागलं. भीती माणसाचं असं करते. मी कबूलच व्हायच्या बेतात होते.

तेवढ्यात माझ्या मागून सासूबाई पुढे आल्या. पुरुषांच्या बैठकीत त्यांना कधी बोललेलं कुणी ऐकलं नव्हतं. डोक्यावरचा पदर त्यांनी कपाळापर्यंत ओढून घेतला होता.

"पोरीला काय बोलू नका," त्या म्हणाल्या. "सात मोती मी काढलं."

सगळे माझ्यावरून त्यांच्याकडे वळले.

"माझा पोरगा दहा वरसांचा व्हता. ताप उतरंना. एकवीस दिस. ह्ये भात घेऊन बंदरावर गेलं व्हतं. वैद्य बोलला, मोती चाटव, न्हायतर आशा सोड. माझ्याकडं कुठला मोती? घरात एकच व्हता, तो देवीचा. रोज एक काढला. लिंबाच्या रसात टाकायचा, मऊ पडला का खलायचा, मधातून द्यायचा. सातव्या दिशी पोरगा बोलला, आय, भूक लागली. मग कासाराकडनं खोटं मोती आनलं आनि जाग्याला जाग्याला ववलं. आता काय कराचा ता करा."

तो पोरगा म्हणजे माझा नवरा.

सासरे भिंतीला टेकले. "मला नाय बोललीस," ते म्हणाले. फार हळू. "इतकी वरसां."

"बोलले असते तर तुम्ही घेऊ दिला असतात?"

 पंचांपैकी दोघांनी एकमेकांकडे बघितलं, देवीची चोरी, दंड, गाव काय म्हणेल, असं पुटपुटणं सुरू झालं. मुलीचा बाप मात्र सासूबाईंसमोर तसाच उभा होता. मघाशी माझ्या अंगावर ओरडणारा हा माणूस आता काय करील, याची मला धडकी भरली होती.

"पोरगा वाचला ना?" त्यानं विचारलं.

"वाचला."

 "मग बसा खाली, वयनी," तो म्हणाला. आणि व्यापाऱ्याकडे वळून, "चालू करा तुमचं."

लिलाव झाला. म्हातारा म्हणाला, मेलेल्या मोत्याची पापडी जपून उतरवली तर खाली पाणी असतं, कधी जास्त, कधी कमी, ते नशीब. त्यानंच बोली लावली, एका सोनारानं वाढवली, पुन्हा त्यानं. एक वार, दोन वार, तीन वार. हार म्हाताऱ्याकडे गेला. किती आकड्याला, ते मला तेव्हाही नीट ऐकू आलं नाही, कानात नुसतं घुमत होतं. एवढं कळलं की खांबांपुरतं झालं, बाकीचं काम गावानं अंगमेहनतीनं करायचं. काचेचे सात मोती म्हाताऱ्यानं सासऱ्यांना परत दिले. त्यांनी ते बंडीच्या खिशात टाकले.

वडील निघताना माझ्या हातात पुडा देऊन गेले. लाडूंचा पार भुगा झाला होता.

परतीच्या गाडीत माझा गळा मोकळा होता आणि मला वाटत होतं की आता सुटले. सासूबाईंचा हात हातात घ्यावा असं मनात आलं. भरल्या बैठकीत त्यांनी मला वाचवलं होतं. मी म्हटलं, "आत्याबाई, तुमच्यामुळे माझ्या वडिलांची अब्रू राहिली."

त्या खिडकीबाहेर बघत होत्या. पुढच्या बाकावरच्या माणसांना ऐकू जाणार नाही इतक्या हळू बोलल्या.

"तू घंगाळात हार टाकलास, तवा मी बगत व्हते."

मला कळलं नाही.

"लिंबात मोती कसा व्हतो, मी सात दिस बगितला व्हता. मला ठाव व्हता, कोकमात काय व्हनार ता. म्हनून नाय थांबवला. वाटला, समदंच मलूल झालं का खरा कंचा, खोटा कंचा, कुनाला समजनार? तुला चार शिव्या बसतील. नवी सून, आडानी, चुकली, असा बोलतील. माझा झाकला जाईल. खोटं मोती उजळ ऱ्हातील, ता मला काय म्हाईत?"

मी त्यांच्याकडे बघत राहिले. मनगट दुखतं म्हणून हार माझ्या हातात दिला होता. कुणाजवळ बोलू नको म्हणून सांगितलं होतं. गळ्यातही माझ्याच घातला होता. आणि मी पाया पडले होते! माझ्या अंगाची नुसती आग झाली. "मग बोललात कशाला?" मी विचारलं. "गप्प बसायचं होतं. घेऊन गेले असते मला."

"तुझा बाप उभा व्हता," त्या म्हणाल्या. "खाऊ घेऊन."

 पोलादपूरला उतरून कापड्यापर्यंतची वाट चालताना मी मुद्दाम चार पावलं मागे राहिले.

त्यानंतर मी त्यांना हाक मारणं सोडलं. भांडले नाही, वेगळी चूल मागितली नाही, कामात कसूर केली नाही. फक्त आत्याबाई हा शब्द तोंडातून काढला नाही. "जेवायला वाढलंय." "पाणी तापलंय." "बाहेर कोणी आलंय." असं भिंतीला सांगितल्यासारखं बोलायचे. त्याही तशाच ऐकायच्या. घरात इतर कुणाच्या हे लक्षातही आलं नसेल. त्यांच्या मात्र पहिल्याच दिवशी आलं असणार. नवरा शिमग्याला यायचा, तेव्हा त्या त्याच्या पानात भात वाढताना त्याच्याकडे बघायच्या, आणि मी त्यांच्याकडे. ह्या माणसाच्या पोटात देवीचे सात मोती आहेत, असं माझ्या मनात यायचं, आणि का कोण जाणे, अंगावर काटा यायचा.

साकव दुसऱ्या वर्षी झाला. अरुंद, कठडा एकाच बाजूला. मुलीचा बाप त्याच्या पहिल्या पायरीवर दर श्रावणात फुलं ठेवायचा.

असं पाच वर्षं चाललं. मग माझा थोरला, चार वर्षांचा, भर आषाढात तापानं फणफणला. आठ दिवस झाले, ताप हटेना. नवव्या दिवशी त्यानं मला ओळखलं नाही. मी त्याच्या अंगाला हात लावला आणि लोखंडी पेटीकडे बघितलं. पेटीत आता नुसते तांदूळ होते, हे मला चांगलं माहीत होतं. तरी मी उठले, झाकण उघडलं आणि कोपरापर्यंत हात घालून तांदूळ ढवळत राहिले, वेड्यासारखी. मोती सापडला असता तर मी कुणाला विचारलं नसतं. सात नाही, सगळे कुटले असते. पकडले गेले असते तर शेजारणीच्या सुनेवर ढकलून मोकळी झाले असते.

मागे कुणीतरी उभं होतं. सासूबाई होत्या. त्यांनी काही न बोलता पेटीचं झाकण लावलं, मुलाला घोंगडीत गुंडाळलं, माझ्या खांद्यावर दिलं आणि आम्हा दोघांवर इरलं धरलं.

ओढा दुथडी भरून चालला होता. साकवाच्या दगडांना पाणी थडकत होतं. मला पुढे पाऊल टाकवेना. सासूबाई कठडा नसलेल्या बाजूनं झाल्या आणि माझा दंड धरून मला पलीकडे नेलं. पोलादपूरला डॉक्टरनं मुलाला तपासलं, सुई टोचली आणि दवाखान्यातच ठेवून घेतलं. संध्याकाळपर्यंत काही सांगता येणार नाही, म्हणाला. आम्ही बाहेर बाकावर बसलो. त्यांचं लुगडं गुडघ्यापर्यंत चिखलानं भरलं होतं, ओठ थंडीनं निळे पडले होते, आणि इरल्याखाली आम्हीच मावलो होतो म्हणून त्या डोक्यापासून निथळत होत्या.

दिवेलागणीला डॉक्टर बाहेर आला आणि म्हणाला, घाम सुटलाय, ताप उतरतोय.

मला रडू आवरेना. सासूबाई तशाच ताठ बसल्या होत्या, मांडीवर दोन्ही हात. समोरच्या हॉटेलातून चहाचा वास येत होता. मी डोळे पुसले आणि उठले.

"आत्याबाई," मी म्हणाले, "चहा आणते तुम्हाला."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. 

"आन," त्या म्हणाल्या. "साखर जरा जास्त सांग."